धावत आलेल्या माणसाचा आकडा

तातडीच्या दवाखान्यात येणारा प्रत्येक जण घाईत असायचा. रुग्ण घाईत, डॉक्टर घाईत, गाडीवाला घाईत, एवढंच काय, भिंतीवरचं घड्याळसुद्धा चार मिनिटं पुढे. घाई नसलेली एकच वस्तू तिथं होती, ती म्हणजे नर्सबाईंच्या टेबलाशेजारची हातांची लाकडी खुर्ची.

कुणी धापा टाकत आलं, भांडत आलं, रडत आलं, तरी बाई त्या खुर्चीकडे बोट दाखवायच्या. "बसा. पाठ टेका. दोन्ही पाय जमिनीवर. आणि बोलायचं नाही. पाच मिनिटं." मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघत त्या अशा उभ्या राहायच्या, की वाटावं, तिसरी घंटा झालीय आणि आता पडदा वर जाणार. पाच मिनिटं भरली की दंडाला पट्टा, कानांत नळ्या, हातात रबरी फुगा. रक्तदाबाचा पारा सरसर वर जायचा आणि बाई श्वास रोखून तो उतरताना ऐकायच्या.

"धावत आलेल्या माणसाचा आकडा खोटा असतो," हे त्यांचं वाक्य. दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं.

त्यावरून एक्स-रे काढणाऱ्या मामांनी त्यांचं नाव ठेवलं पाचमिनिटेबाई. आठवडाभरात ते रुग्णांच्या तोंडी गेलं, महिन्याभरात समोरच्या भाजीवाल्याच्या, आणि शेवटी बाईंच्या घरात शिरलं. बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्यावरचं भिंग न काढता ते म्हणाले, "जगाला पाच मिनिटं बसवतेस आणि मला चहासाठी पाऊण तास!"

"तुमचा आकडा खरा असतो हो," बाई म्हणाल्या. "तुम्ही जन्मात कधी धावलाच नाहीत."

बाई ठेंगण्या, अंगानं भरलेल्या. उजवा गुडघा दुखरा, त्यामुळे पायऱ्या आडव्या उतरायच्या. पण आवाज असा, की शेवटच्या रांगेत पेंगणाऱ्याचीही झोप उडावी. बावीस वर्षं त्यांनी मोठ्या दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात काढली होती. गुडघ्यानं संप पुकारला तेव्हा वरच्या साहेबांनी त्यांची बदली इथं केली, हलकं काम म्हणून. हलकं काम! चार खोल्या, एक एक्स-रे, रुग्ण न्यायची एक गाडी, समोर बसथांबा, आणि दिवसाला शंभर माणसं.

आल्या आल्याच बाईंच्या लक्षात आलं, की ही सगळी मंडळी रक्ताला भीत नाहीत, तुटलेल्या हाडाला भीत नाहीत, पण पोटुशी बाई दारात दिसली की यांच्या तोंडचं पाणी पळतं. इथं बाळंतपणं होत नसत. त्यामुळे आठवा महिना असो की तिसरा, दुखणं काहीही असो, एकच मंत्र: "इथं होत नाही, मोठ्या दवाखान्यात जा." एकदा एकीच्या कानात किडा गेला. सातवा महिना. बिचारी कानावर हात दाबून नाचत होती, आणि डॉक्टर तिला बाळंतपणाच्या वॉर्डाची चिठ्ठी लिहीत होते.

"डॉक्टर," बाई म्हणाल्या, "किडा कानात आहे. गर्भाशय बरंच खाली असतं."

दोन थेंब तेल, एक चिमटा, किडा बाहेर. त्या बाईनं जाताना बाईंचा हात धरून असा दाबला, की बाईंना मुलगी सासरी निघाल्याचा भास झाला. त्या दिवसापासून दवाखान्यात नवा कायदा लागू झाला. आधी बाळाचे ठोके ऐकायचे, आईला डाव्या कुशीवर ठेवायचं, आणि मग जे दुखतंय त्याच्यावर इलाज करायचा. पोट दिसलं म्हणून बाकीचं माणूस विसरायचं नाही.

याची दुसरी बाजूही होती, आणि ती बाईंना फार महागात पडून कळली. पहिल्याच वर्षी त्या चार दिवस रजेवर होत्या. तेव्हा एक तरुण आई, बाळंत होऊन नऊ दिवस झालेली, डोकं दुखतंय म्हणून आली. फॉर्मवर रकाना होता: गरोदर आहे का? तिनं 'नाही' लिहिलं. त्यात खोटं काय होतं? गोळी घेऊन ती घरी गेली. संध्याकाळी तिला झटके आले आणि ती वाचली नाही. बाळंतपणानंतरही सहा आठवडे रक्तदाब असा अचानक भडकू शकतो, हे बाईंना पाठ होतं. पण ते पाठ असलेलं माणूस त्या दिवशी खुर्चीपाशी नव्हतं.

रजेवरून आल्यावर बाई दोन दिवस जुने फॉर्म चाळत बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुसरा प्रश्न सुरू केला. पंधरा ते पन्नास, कुठलीही बाई खुर्चीत बसली की आधी विचारायचं, "दिवस गेलेत का?" आणि लगेच, "गेल्या सहा आठवड्यांत बाळंत झालात का? मूल हाती लागलेलं असो, नसो, सांगा." फॉर्म छापणारे साहेब रकाना वाढवायला तयार नव्हते, म्हणून बाई तोंडानंच विचारायच्या. कपाटावर त्यांनी एक लाल पत्र्याचा डबा ठेवला. त्यात झटके अडवणारं इंजेक्शन, रक्तदाब उतरवणारं औषध, सुया आणि गुडघ्यावर मारायची छोटी रबरी हातोडी. झाकणाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत मात्रा लिहिलेली.

भांडारातले कारकून कुरकुरायचे. "बाई, दरवर्षी ही औषधं तारीख उलटून फेकावी लागतात."

"फेकू या की! दरवर्षी फेकू या. ती फेकावी लागली म्हणजे आपलं वर्ष चांगलं गेलं."

अशी सात वर्षं फेकली.

आठव्या वर्षी धाकटे डॉक्टर आले. सव्वीस वर्षांचे, हुशार, चपळ, आणि बाईंचे पक्के चेले. आल्या आल्या त्यांनी बाईंचं वाक्य असं उचललं, की मूळ मालकिणीपेक्षा जास्त तेच म्हणायला लागले. कुणाची नाडी जोरात लागली, "धावत आलात ना? मग हा आकडा खोटा." बाई दुरून ऐकायच्या आणि सुखावायच्या. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी टाळी घेतंय, याहून मोठं सुख कुठलं? या सुखातच गाफीलपणा लपला होता, आणि तो बाहेर यायला एक दुपार पुरली.

त्या दुपारी शाळेतल्या एका मास्तरीणबाईंना आणलं. आठवा महिना. जिन्यावरून पाय घसरला, पोट वाचवायला हात पुढे केला, आणि मनगट मोडलं. बाईंनी आधी त्यांच्या पोटावर लाकडी नळी टेकवून बाळाचे ठोके ऐकले, बोटांवर मोजले, आणि मान हलवली. "तुमचं लेकरू झोपेतसुद्धा कवायत करतंय. चला, आता हाताकडे बघू."

एक्स-रेमामांना घाम फुटला. "बाई, आठवा महिना आहे. मी नाही काढणार."

"मामा, फोटो मनगटाचा काढायचाय, बाळाचा नाही. शिशाचा एप्रन आणा, दोन पदरी गुंडाळते, आणि मशीन नेम धरून लावा."

फोटो निघाला. हाड सरकलेलं होतं. बाई मास्तरीणबाईंना घेऊन प्लास्टरच्या खोलीत गेल्या आणि टेबल धाकट्या डॉक्टरांवर सोपवलं. "दोन माणसं पाहून या, मग दोघं मिळून हात बसवू."

डॉक्टर वीस मिनिटांनी आले. मोडलेलं हाड ओढून जागेवर आणलं, बाईंनी ओली पट्टी गुंडाळायला घेतली. मास्तरीणबाई दात आवळून पाढे म्हणत होत्या. खोलीचं दार उघडं होतं आणि समोर बाहेरची बाकं दिसत होती. बाकावर कुणाचं तरी तान्हं अचानक टाहो फोडून रडायला लागलं.

तेव्हाच दरवाज्याकडे निघालेली एक बारीकशी बाई जागच्या जागी थबकली. तिनं दोन्ही हातांची घडी घातली आणि छातीशी घट्ट दाबून धरली, क्षणभरच. मग पदर सारखा करून ती बाहेर पडली.

बाईंचे हात थांबले. बावीस वर्षं त्यांनी ही एक हालचाल बघितली होती. तान्ह्याचं रडणं कानावर पडलं की ओल्या बाळंतिणीला पान्हा फुटतो, मग ते मूल कुणाचं का असेना. आणि चारचौघांत तो लपवायला बाई असेच हात दाबून धरते.

"डॉक्टर, ती आत्ता गेली ती कशाला आली होती?"

"डोकेदुखी. शिवणकाम करते, काजं-बटणं. डोळ्यांसमोर चमकल्यासारखं होतंय म्हणाली. चष्मा लागणार. गोळी दिलीय."

"बाळंतीण आहे ती."

"छे! बरोबरच्या नणंदेनं सांगितलं ना, गरोदर नाही म्हणून."

"अहो, मी गरोदर म्हटलं का? दुसरा प्रश्न विचारलात?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"आणि रक्तदाब?"

"एकशे अठ्ठावन्न. खालचा एकशे चार," ते अडखळत म्हणाले. "पण धापा टाकत आली होती हो. नणंदेनं ओढत आणली होती. तुम्हीच तर म्हणता, धावत आलेल्या माणसाचा आकडा..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. बाईंच्या कानात मात्र ते पुरं वाजलं, त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच ठसक्यात. आकडा खोटा असतो हे त्यांनी शिकवलं होतं. म्हणून पाच मिनिटांनी पुन्हा घ्यायचा, हे त्या नुसतं करत आल्या होत्या. तोंडानं कधी बोललेल्या नव्हत्या. चेल्यानं तोंडचं तेवढं घेतलं. सात वर्षांपूर्वी त्या रजेवर होत्या. आज दहा पावलांवर असताना तेच घडत होतं, आणि तेही त्यांच्याच वाक्याच्या आधारानं.

"हा हात धरा, आणि मामांना लाल डबा काढायला सांगा," त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

"माझा हात मी धरते!" मास्तरीणबाई ओरडल्या. त्यांनी डाव्या हातानं उजवा कोपर वर उचलून धरलासुद्धा. "तुम्ही पळा, बाई! डॉक्टर, तुम्ही डबा काढा, मी सगळं ऐकलंय!"

आणि जन्मात पायरी सरळ न उतरलेल्या बाई तीन पायऱ्या एका दमात उतरल्या.

थांब्यावर बस उभी होती. ती बारीकशी बाई एक पाय पायरीवर ठेवून वर चढत होती, मागून तिची नणंद तिला ढकलत होती. "चला वहिनी, लवकर चला!" मधे रस्ता, रस्त्यावर गाड्या. बाईंनी दोन्ही हात वर केले. कोपरापर्यंत पांढऱ्याशुभ्र प्लास्टरनं माखलेले हात, केसांना प्लास्टर, गालाला प्लास्टर. त्या रस्त्यात उतरल्या तशा गाड्यांनी करकचून ब्रेक दाबले. समोरून असा अवतार येताना पाहून कोण पुढे जाईल?

"बस सोडू नका!" बाई गरजल्या. भाजीवाल्याच्या टोपलीवरची कबुतरं उडाली.

बसचालकानं खिडकीतून मान काढली. "ओ बाई, मरायचंय का? आधीच उशीर झालाय मला!"

"मरायचं नाहीये, म्हणून तर पळतेय! उतरवा त्यांना."

"कुणाला?"

"त्या निळ्या साडीवाल्या ताईंना. अहो ताई, उतरा खाली."

बसमधून कुणीतरी ओरडलं, "गोळ्यांचा हिशेब राहिला वाटतं!" दोघं-तिघं हसले. नणंदबाईंनी कंबरेवर हात ठेवले. त्या उंच, खणखणीत, घरचा कारभार हाकणाऱ्या. "काय हो, डॉक्टरांनी पाहिलंय वहिनींना. चष्मा लागणार आहे. घरी लेकरू शेजारणीकडे टाकून आलोय, दोन तास झाले, उपाशी असेल ते!"

"किती दिवसांचं?"

"अकरा."

बसमधल्या हसणाऱ्यांनी दारात वाट करून दिली.

बाईंनी आवाज खाली आणला. त्या पायरीवरच्या बाईच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, "ताई, आत्ता कसं वाटतंय? खरं सांगा."

"डोकं फुटतंय," ती म्हणाली. "काजवे दिसतायत. आणि इथं, बरगडीखाली दुखतंय. पण बाळाला पाजायचंय हो मला."

"पाजाल. आज पाजाल, उद्या पाजाल, वर्षभर पाजाल. त्यासाठी मला आत्ता पाच मिनिटं द्या."

तिनं नणंदेकडे पाहिलं. नणंद काही बोलायच्या आत बसचालकच म्हणाला, "उतरा ताई. ही बाई उगाच नाही ओरडत. माझ्या सासऱ्यांना हिनंच बसवून ठेवलं होतं, म्हणून ते अजून मला शिव्या देतायत."

खुर्ची. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. बाईंनी प्लास्टर खरवडून हात धुतले आणि घड्याळ पाहिलं. नणंदबाईंना तोंड बंद ठेवणं म्हणजे शिक्षाच. अर्धं मिनिट झालं नाही तोवर त्या म्हणाल्या, "पण मी काय म्हणते..."

"नंतर म्हणा."

"नाही, पण वहिनींना कालपासूनच पाय..."

"सुजलेत. दिसतंय मला. आता शू!"

धाकटे डॉक्टर लाल डबा उघडून उभे होते. प्लास्टरच्या खोलीतून मास्तरीणबाईंचा आवाज आला, "किती मिनिटं झाली?"

"तीन," मामांनी सांगितलं.

ती पाच मिनिटं बाईंच्या आयुष्यातली सगळ्यांत लांब. मनातून त्या विनवत होत्या, उतर रे बाबा, खाली ये, मला खोटी पाड, सगळ्यांना हसू दे माझ्यावर. पट्टा बांधला, पारा चढवला. कानांत ठोके उमटले आणि बाईंनी डोळे मिटले.

"वर एकशे चौऱ्याहत्तर. खाली एकशे सोळा."

आकडा उतरला नव्हता. चढला होता.

गुडघ्यावर हातोडी टेकवली, तर पाय असा उसळला, की नणंदबाई मागे सरकल्या. याचा अर्थ बाईंना कळत होता, झटका दारात उभा आहे. "डॉक्टर, आता," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी सुई भरली. झाकणावरची मात्रा त्यांनी दोनदा मोठ्यानं वाचली, बाईंनी दोनदा मान डोलावली. सुई शिरेत गेली आणि त्यांचा अंगठा घाईनं दाबायला लागला.

"हळू," बाई हलकेच म्हणाल्या. "हे औषध घाईनं गेलं तर श्वास अडवतं. घड्याळ बघा. मी तिच्याशी बोलते." आणि त्या तिच्या कपाळावर हात ठेवून बोलत राहिल्या. "मुलगा की मुलगी?"

"मुलगा. बाई, अंगातून आग निघालीय."

"त्या औषधाची खोडच आहे ती. दोन मिनिटांत जाईल. नाव काय ठेवताय?"

"या ताईंना एक आवडतं, मला एक."

"मग तुमचंच ठेवायचं. आज तुम्ही म्हणाल ते. काय ओ, नणंदबाई?"

नणंदबाईंनी तोंडावर पदर धरला होता. इतका वेळ खणखणणारी ती बाई आता मुक्यानं मान हलवत होती. "त्यांचंच, त्यांचंच," एवढंच म्हणाली.

औषध उतरलं. रक्तदाबाची दुसरी सुई दिली. दहा मिनिटांनी पाय हातोडीला शहाण्यासारखा हलला, उसळला नाही. पारा एकशे अठ्ठेचाळीसवर आला. एक्स-रेमामा भिंतीला टेकले आणि म्हणाले, "मला पाणी द्या कुणीतरी."

तरीही लढाई अर्धीच झाली होती. डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात फोन लावला. पलीकडून विचारणा झाली, "कितवा महिना?"

"बाळंत झालीय. अकरावा दिवस."

"मग ती आमच्या वॉर्डाची नाही. जनरलला विचारा."

डॉक्टर गोंधळून बाईंकडे बघायला लागले. बाईंनी रिसीव्हर घेतला. "पोट रिकामं झालं म्हणून हात झटकता होय? बाळंतपण काय टाके घातले की संपतं? तुमच्या मुख्य सिस्टरना बोलवा. सांगा, त्यांच्या हातात पहिल्यांदा नाळ कापायची कात्री जिनं दिली, ती बोलतेय."

मग धावत आलेल्या पावलांचा आवाज. "बाई! तुम्ही? बोला."

बाईंनी आकडे सांगितले, औषधं सांगितली, वेळा सांगितल्या.

"खाट तयार ठेवते. आणि बाळासाठी पाळणा."

"शाबास गं माझी पोरी!"

नणंदबाई रिक्षानं बाळाला आणायला सुटल्या. कारभारी बाई शेवटी, दारातून ओरडून गेल्या, "वहिनींना एकटं सोडू नका हं, अंधाराला भितात त्या!" भर दुपारचं ऊन होतं, पण कुणी हसलं नाही. गाडीत बाई स्वतः चढल्या. वाटेत दर पाच मिनिटांनी श्वास मोजला, पारा पाहिला, पाय पाहिला. मोठ्या दवाखान्याच्या दारात मुख्य सिस्टर स्वतः स्ट्रेचर घेऊन उभी होती, आणि तिच्या मागून, कशी कोण जाणे, गाडीच्याही आधी पोचलेली रिक्षा, नणंदबाई आणि त्यांच्या कडेवर लालबुंद, संतापलेलं एक गाठोडं.

संध्याकाळी परत आल्यावर बाईंनी सगळ्यांना आपल्या टेबलापाशी बोलावलं. मास्तरीणबाई अजून तिथंच होत्या. प्लास्टर वाळलं होतं, नवरा न्यायला आला होता, पण त्या बातमी ऐकल्याशिवाय हलायला तयार नव्हत्या.

धाकटे डॉक्टर खाली मान घालून म्हणाले, "बाई, चूक माझी."

"अर्धी," बाई म्हणाल्या. "अर्धी माझी. वाक्य माझं होतं, आणि ते ऐकायला छान लागायचं म्हणून मी ते तेवढंच फेकत राहिले. ते आजपासून बंद. धावत आलेल्या माणसाचा आकडा खोटा असतो असं कुणी म्हणायचं नाही. खोटा असेल तर पाच मिनिटांनी आपण होऊन खाली येईल. नाही आला, तर तो पहिल्यापासून खरा होता. कळलं? तोवर त्या माणसाला दाराबाहेर सोडायचं नाही. आणि दुसरा प्रश्न मी नसले तरी विचारला गेला पाहिजे, माझ्या आवाजावर तो अवलंबून नको."

डॉक्टरांनी फॉर्मांचा गठ्ठा ओढला आणि पहिल्याच्या समासात पट्टी धरून हातानं रकाना आखला. मग दुसऱ्याच्या. मामांनी उरलेले अर्धे घेतले. मास्तरीणबाईंनी डाव्या हातानं एकावर रेघ ओढून पाहिली, ती वाकडी आली, आणि त्यांनी स्वतःलाच शून्य मार्क दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखाना नेहमीसारखा गच्च भरला होता. एकाचं बोट कापलेलं, एकाचा दात, दोन भांडणारे भाऊ, आणि खुर्चीत पाय जमिनीला टेकवून गप्प बसलेले एक पेन्शनर आजोबा. फोन वाजला. मुख्य सिस्टर बोलत होती. रात्रभर एकही झटका नाही. पारा एकशे तीसवर. डोकं दुखायचं थांबलं, काजवे गेले, सकाळी उठून बसली, भूक लागलीय म्हणाली.

"बाई, तिला तुमच्याशी बोलायचंय."

पण पलीकडून आईचा आवाज यायच्या आत दुसराच आवाज आला. असा काही टाहो, की बाईंनी रिसीव्हर कानापासून हातभर दूर नेला. तो रिसीव्हरमधून बाहेर आला, टेबलावरून ओसंडला, बाकांपर्यंत गेला. भांडणारे भाऊ गप्प झाले. कापलेल्या बोटाचा माणूस हसायला लागला. खुर्चीतले आजोबा नियम मोडून म्हणाले, "काय दमसास आहे पोराचा!" धाकटे डॉक्टर पडद्याआडून बाहेर आले आणि तिथंच उभे राहिले.

पलीकडे आई ओशाळून म्हणत होती, "बाई, ऐकता ना? आत्ताच पाजलंय हो, तरी थांबतच नाही, सारखा रडतोय."

"रडू दे!" बाई अशा आवाजात म्हणाल्या की शेवटच्या बाकापर्यंत शब्द न् शब्द पोचावा. "पोटभर रडू दे त्याला. ऐकायला आई आहे ना त्याची!"